आवळूनये

३

मधल्यापासून सुरुवात करायची. इंजिनाच्या हेडाला, म्हणजे वरच्या जड झाकणाला, दहा नट, पाच अलीकडच्या रांगेत, पाच पलीकडच्या. अलीकडचा मधला तो तिसरा. पाना आधी त्याच्यावर. मग समोरचा आठवा. मग तिरके, दुसरा आणि नववा, चौथा आणि सातवा, आणि असं फुली मारत मारत चारही कोपऱ्यांना जायचं. एका कडेने ओळीने आवळत गेलं तर दुसरी कड उचलते, उन्हात टाकलेला पापड उचलतो तशी. अकरा वर्षं आगबोटीवर तेलवाला म्हणून राबलेल्या लवूला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

सांगायला हवं होतं ते वेगळंच. मुळात आवळायचे की नाही?

ते काल संध्याकाळी ठरलं होतं. म्हणून रविवारी सकाळी, मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागलेल्या महिपत तांडेलाच्या मचव्यात, लवू गुडघे टेकून बसला, पाना तिसऱ्या नटावर चढवला आणि अंग टाकलं. नटाने बारीक कुरकुर केली आणि पाव फेरा दिला.

८

इंजिन शर्यतीचं होतं. मुंबईच्या कुणा गोऱ्या साहेबाने ते तीन हिवाळे बोटींच्या शर्यतीत पिळून काढलं, मग त्याला घोड्यांचा नाद लागला आणि इंजिन गिरगावातल्या एका गॅरेजात गोणपाटाखाली जाऊन पडलं. त्या गॅरेजात लवूच्या थोरल्या बहिणीचा नवरा सखाराम फिटर होता. त्याने ते उघडलं, साफ केलं, हेडाखाली तांब्याचा नवा पत्रा घातला, वरून राखाडी रंग मारला आणि लाकडी खोक्यात घालून आगबोटीने रत्नागिरीला पाठवलं.

आज रविवारी दुपारी जयगडचा, सखारामनेच गाठून दिलेला एक व्यापारी तिथल्या बंदरावर मचवा बघायला येणार होता. इंजिनावर चालणारा मचवा त्याच्या मनात भरला तर नारळी पौर्णिमेपासून रत्नागिरी ते जयगड उतारूंची फेरी महिपतला मिळणार होती, आणि इंजिनावर लवू. लवूला एवढंच हवं होतं. पुन्हा आगबोटीच्या पोटात उतरायचं नाही. आपल्याच पाण्यावर, डोक्यावर आभाळ ठेवून इंजिन चालवायचं.

पण इंजिन शर्यतीत दुसऱ्याने दामटलेलं. लवूचं मन सोमवारपासून दोन्हीकडे झुकत होतं. नवा पत्रा घातला की इंजिन एकदा चांगलं तापवायचं, पुरतं निवू द्यायचं आणि मग नट पुन्हा आवळायचे. पत्रा दबलेला असतो, नट सैल पडलेले असतात. तसेच सोडले तर भर समुद्रात हेडाखालून फुसफुस सुरू होते आणि इंजिन बसतं. हे आगबोटीवरचं शिक्षण. पण शर्यतीतल्या इंजिनाचं तसं नसतं. नट ज्यांच्यावर बसतात ते लोखंडी खुंट, स्टड, आधीच ताणलेले असतात, म्हातारीच्या कानाची पाळी जड कापांनी ताणावी तसे. दिसायला शाबूत. वर आणखी पाव फेरा दिला की जातात.

सोमवारी त्याने इंजिन अर्धा तास चालवून बघितलं होतं. कुठे गळलं नव्हतं. मग हात लावायचा कशाला? आणि नाही लावला आणि मिऱ्याच्या खडकांसमोर बसलं तर?

त्याच रात्री त्याने बहिणीकडून, कमळाकडून, सखारामला पत्र लिहवून घेतलं. एकच प्रश्न. नट पुन्हा आवळायचे का?

आठव्याने पाव फेरा दिला.

२

उत्तर काल आलं. एक कार्ड, मोडीत. सखाराम मोडीच लिही आणि लवूला मोडी लागत नसे. कमळाला लागे. लग्नानंतर पहिल्या वर्षी नवऱ्याने तिला पाटीवर मोडी शिकवली होती, आपली पत्रं हिने दुसऱ्या कुणाकडे नेऊ नयेत म्हणून. त्यानंतर तो मुंबईला गेला तो गेलाच. चार शिमगे झाले, चार गणपती झाले, माणूस आला नाही. पत्रं येत. पोचले, बरे आहे, काळजी नसावी.

मोडीत शब्द तोडत नाहीत. आधी ओळ आखतात आणि तिच्याखाली अक्षरं एकाला एक टांगत जातात, वाळत घातलेल्या बोंबलांसारखी. कार्डावर एवढंच होतं:

लवूससांगणेनिघण्यापूर्वीहेडाचेनटआवळूनयेमीरविवारीजयगडबंदरावरआहे

कमळाने चुलीच्या उजेडात कार्ड धरलं. एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने, बोट फिरवत: “लवूस सांगणे. निघण्यापूर्वी हेडाचे नट आवळून ये. मी रविवारी जयगड बंदरावर आहे.”

“आवळून ये,” लवू म्हणाला.

“होय.”

“झालं तर मग.”

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. ज्याने इंजिन उघडलं होतं त्यानेच सांगितलं. आता विचार नको. कमळा उठून आत गेली. बऱ्याच वेळाने लवूला पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. तिने लुगडी काढून पुन्हा घडी घालून ठेवली, वर फणी आणि आमसुलांची पुरचुंडी.

“बाय, तू येतेयस?”

“ते बंदरावर आहेत म्हणून लिहिलंय ना,” ती म्हणाली. “मग?”

९

“पेटी बरी मोठी आहे गो,” महिपत म्हणाला. तो साठीचा, आयुष्यभर शिडावर होड्या हाकलेला. मचव्यात इंजिन बसवायला तयार झाला होता, पण डोलकाठी काढू दिली नव्हती. “जयगड बघून परतायचं की थेट मुंबई?”

“तुमच्या इंजिनाच्या मनात असेल तसं,” कमळा म्हणाली. ती मचव्याच्या मागच्या फळीवर बसली होती, पेटी पायाशी, हिरवं लुगडं, केसांत आबोलीचा वळेसर.

“माझं कसलं? माझं शीड ते वर. हे तुझ्या घरवाल्याचं भूत. काय रे लवू, किती पिळतोस त्याला? कोंबडीची मान आहे काय ती?”

“पत्रात लिहिलंय, तांडेल.”

“कुणाच्या?”

“भावोजींच्या. आवळून ये म्हणून.”

“मग आवळ बाबा. पण हात चालव. मतलई वारा आहे तोवर बंदराबाहेर पडू. दुपारी वारा फिरला की तुझं यंत्र नाकाने पाणी पिईल.”

नववा.

४

चौथ्याने पाव फेरा दिला.

७

सातव्यानेही दिला.

मग तो आणखी थोडा फिरला.

लवू थांबला. बाकीच्या नटांनी पाव फेऱ्यानंतर हाताला नकार दिला होता. लोखंडाचा तो नकार मनगटापर्यंत येतो, पुरे म्हणतो. हा नट तसं काही म्हणाला नाही. तो वळला, जसा शिजलेला बटाटा बोटाखाली वळतो. लवूने पाना काढला, नटाकडे बघितलं. राखाडी रंग. वर ग्रीस. इतरांसारखाच.

पत्रा इथे जास्त दबला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि पहिल्याकडे गेला. पण हात आता पहिल्यासारखा चालेना.

१

पहिला झाला. दहावा झाला. पाचवाही झाला. सहावा तेवढा राहिला होता, आणि महिपत विडी पेटवायला खाली वाकला असता त्याला कमळाच्या हातात कार्ड दिसलं. ती ते पुन्हा बघत होती.

“दे बघू. सखारामचं अक्षर पूर्वी चांगलं होतं.”

“तुम्हाला मोडी येते?”

“तांडेलकीचे कागद काय तुझा भाऊ वाचायचा?” त्याने कार्ड लांब धरलं, डोळे बारीक केले. “लवूस सांगणे… निघण्यापूर्वी… हेडाचे नट आवळू नये. मी रविवारी…”

तो पुढे वाचत गेला. लवूचा पाना सहाव्या नटावर होता. त्याने तो तसाच धरला.

“काय म्हणालात?”

“मी रविवारी जयगड बंदरावर…”

“त्याच्या आधी.”

महिपतने कार्डाकडे बघितलं. मग लवूकडे. मग इंजिनाकडे. विडी त्याच्या ओठांत तशीच, न पेटवलेली. “आवळू,” तो सावकाश म्हणाला, “नये.”

“आवळून ये आहे,” कमळा म्हणाली.

“अक्षरं तीच आहेत गो. आ, व, ळू, न, ये. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं.”

“मग मी तोडलं ते बरोबर.”

“पत्रात कुणी ‘ये’ लिहितो का? येणे लिहितात. वर बघ, ‘सांगणे’ लिहिलंय. सांगणे लिहिणारा माणूस चार शब्दांनंतर ‘ये’ लिहील?”

“ते काही कचेरीतले कारकून नाहीत,” कमळा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “घरचं पत्र आहे. घरच्या पत्रात लिहितात ये.”

मचवा धक्क्यावर घासत होता. लवूच्या डोळ्यांसमोर दहा नट होते आणि त्यातले नऊ त्याने स्वतःच्या हातांनी पिळले होते. नऊ. त्याला एकदम तहान लागली. पाणी मागायचं सुचलं नाही. अकरा वर्षं, आणि एका बाईने चुलीच्या उजेडात वाचलेल्या एका शब्दावर. नऊ घट्ट आणि एक तसाच, याहून वाईट अवस्था इंजिनाची नाही. आता हा सहावा आवळावा तर पत्रातला अर्धा अर्थ मोडतो, नाही आवळावा तर उरलेला अर्धा. आणि ज्याला विचारायचं तो शुक्रवारच्या बोटीने मुंबई सोडून जयगडला उतरलेला.

“दोघांपैकी कुणीतरी नीट वाचा,” तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला लहान मुलासारखा वाटला.

१०

कागदाला विचारून झालं. उरलं लोखंड.

लवूने घासलेटाचा बोळा घेतला आणि न आवळलेल्या सहाव्या नटावरचं ग्रीस पुसलं. रंग खरवडला. रंगाखाली एक बारीक रेघ होती, छिन्नीने मारलेली, नटावरून हेडावर गेलेली, अगदी सरळ. त्याने पाचवा पुसला. तिथेही रेघ, पण नटावरची तुटून पाव फेरा पुढे गेलेली. चौथा पुसला. तसंच. तिसरा. तसंच.

अशी रेघ कोण मारतं, कधी मारतं, ते त्याला ठाऊक होतं. शेवटचं आवळून झालं की मारतात. नट इथेच राहायचा, याच्या पुढे नाही, मागे नाही, एवढं सांगायला.

“नये,” लवू म्हणाला. “तांडेलांचं बरोबर आहे.”

कमळा रेघांकडे बघत होती. त्याही तिला वाचता येत होत्या आता.

“मग मागे घे,” महिपत म्हणाला. “रेघेला रेघ मिळव आणि चल.”

लवूने मान हलवली. एकेक नट मागे घ्यायचा, रेघेवर आणायचा, फुलीच्याच क्रमाने. तिसरा घेतला, आठवा घेतला, दुसरा, नववा, चौथा. सगळे मुकाट्याने मागे आले. सातव्यावर त्याने पाना बसवला, पाय फळीला रोवला, अंग टाकलं आणि

५

काहीच झालं नाही. जोरच लागला नाही. पाना वळला, नट वळला आणि नटाबरोबर स्टडही वळला. लवूने पाना बाजूला ठेवला. चिमटीत धरून नट उचलला. तो वर आला, खाली बोटभर लांबीचा खुंट घेऊन, दात काढल्यावर मुळासकट यावा तसा.

तो तळहातावर घेऊन लवूने तुटलेली बाजू उजेडाकडे फिरवली. महिपतने हातातली विडी समुद्रात टाकली.

तुटलेला भाग वाटोळा, रुपयापेक्षा लहान. आत्ता तुटला असता तर सगळा पांढरा, चकचकीत दिसायला हवा होता. चकचकीत होती ती फक्त कडेची नखाएवढी चकती. उरलेला काळा. जुना काळा, तेल पिऊन पिऊन झालेला. म्हणजे चीर साहेबाच्या शर्यतीतलीच. आणि त्या चिरेभोवती, बाहेरच्या अंगाने, पिवळी पितळेची झाळ होती. नवी. कानशीने घासून स्टडाच्या अंगाला मिळवलेली, इतकी सुबक की बोट फिरवलं तर कळू नये.

इतकी सुबक कानस लवूला ओळखीची होती. घरातल्या अडकित्त्याची तुटलेली मूठ सखारामने याच हाताने जोडली होती. पाच वर्षं झाली, अजून कुणाला सांधा दिसत नाही.

“काय रे?” महिपत म्हणाला.

लवूने त्याला स्टड दिला. महिपत समुद्रावरचा माणूस, यंत्रातला नव्हे, पण झाळ म्हणजे काय ते त्याला समजत होतं. त्याने तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

“त्याला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“ठाऊक होतं म्हणून तर लिहिलं आवळू नये.” लवू फळीवर बसला. “आवळला तर कळणार. नाही आवळला तर कळणार नाही. गणपतीपुळ्याच्या पुढे कुठेतरी कळेल. तेव्हा हेड उडेल, पेट्रोल पेटेल. तिथे मीच पुढ्यात बसलेला.”

“आणि ही,” महिपतने कमळाकडे हात केला. “बाईने चुकीचं वाचलं म्हणून आपण वाचलो.”

धक्क्यावरून मासळीच्या टोपल्या घेऊन बायका चालल्या होत्या, नेहमीसारख्या भांडत. लवूला त्या फार लांबून चालल्यासारख्या वाटल्या. त्याने बहिणीकडे बघितलं. ती स्टडाकडे बघत नव्हतीच. ती कार्डाकडे बघत होती, एकाच जागी, अंगठ्याचं नख दोन अक्षरांच्या मधे रोवून.

“बाय, घरी जाऊया.”

“नको,” कमळा म्हणाली. “तांडेल, शीड आहे ना? चला जयगडला.”

६

मतलई वाऱ्याने त्यांना काळबादेवीपर्यंत नेलं आणि सोडून दिलं. मग वारा समोरून आला. महिपत आडव्या चाली घेत वर चढत राहिला, एकदाही इंजिनाला शिवी न देता. वाटेत तिघांत मिळून दहा शब्द झाले असतील. उन्हं कलली तेव्हा जयगडचा बुरूज दिसला. व्यापारी एक वाजताच निघून गेला होता.

सखाराम धक्क्यावर एकटा उभा होता, काळा कोट, हातात टोपी. शीड बघूनच त्याच्या कपाळाला आठी पडली होती.

“इंजिन का बंद?” त्याने वरूनच विचारलं. मग त्याला मागच्या फळीवरचं हिरवं लुगडं दिसलं. त्याचा हात टोपीसकट खाली आला. “तू? तू कशाला आलीस?”

लवू धक्क्यावर चढला आणि त्याने मूठ उघडली. सखारामने स्टडाकडे बघितलं, घेतला नाही.

“मी लिहिलं होतं,” तो म्हणाला. “आवळू नये म्हणून.”

“का नये ते नव्हतं लिहिलं, भावोजी.”

“त्या मापाचा मुंबईत मिळाला नाय. विलायतेहून यायला तीन महिने. तोवर हा व्यापारी थांबतो काय?” तो भरभर बोलत होता, कुणाकडेच न बघता. “शर्यत थोडीच करायची होती? हळू चालवला असतास तर टिकला असता. चांगली झाळ दिली होती मी. आणि ही मचव्यात असेल हे मला काय ठाऊक?”

“मी असणार हे ठाऊक होतं,” लवू म्हणाला.

लवूला सकाळपासून वाटत होतं की या क्षणी आपल्याला राग येईल, हात उठेल. तसं काही झालं नाही. आपल्या बहिणीचा नवरा, अडकित्ता जोडणारा, दर पत्रात काळजी नसावी लिहिणारा. आणि कार्ड लिहिताना त्याच्या मनात आपण नव्हतोच, मचव्यात जसं वल्हं तसं इंजिनापुढे कुणीतरी लवू. हे एवढंच त्याच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होतं आणि आत शिरत नव्हतं.

कमळाने मचव्यात उभी राहून कार्ड वर धरलं.

“वाचा.”

“आता काय वाचायचं त्यात?”

“तुमचंच अक्षर आहे. मला नीट लागलं नाय.”

सखारामने वाकून कार्ड घेतलं. “लवूस सांगणे, निघण्यापूर्वी हेडाचे नट आवळू नये. मी रविवारी…”

“थांबलात ना जरा?”

“कुठे?”

“‘नये’च्या आधी.”

“थांबणारच. दोन शब्द आहेत ते.”

“आणि ‘न’ नंतर नाय थांबलात.”

“तिथे कशाला थांबू?” सखाराम म्हणाला. तो खरोखरच गोंधळला होता. “तिथे काय आहे?”

कमळाने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. केसांतला वळेसर दिवसभराच्या उन्हाने सुकून दोऱ्यावर आला होता. तिने तो काढला आणि पाण्यात सोडला.

“तांडेल,” ती म्हणाली, “परतीचा वारा कधी लागेल?”

महिपतने मागे वळून न बघता सांगितलं, “लागलाच आहे. काळबादेवीपासून तोच तर नडतोय.”

लवूने स्टड सखारामच्या कोटाच्या खिशात टाकला. “तीन महिने म्हणालात ना? मागवा. हा एकटा नको, दहाही मागवा. नारळी पौर्णिमेपर्यंत येतील.” मग तो मचव्यात उतरला.

सखाराम धक्क्यावर उभा राहिला, एका हातात टोपी, एका हातात कार्ड. कमळाची पेटी मचव्यातून उतरलीच नव्हती.